जुने जहाज, नवा कप्तान

शाळेतले एखादे जुने, मुलांचे लाडके मास्तर निवृत्त होतात आणि त्यांच्या खुर्चीवर नवा मास्तर येऊन बसतो, तेव्हा पहिले काही आठवडे वर्गात काय चालते हे अनुभवी माणसाला सांगायला नको. नव्या मास्तरांनी फळ्यावर डाव्या कोपऱ्यात तारीख लिहिली की मागच्या बाकावरून हळूच आवाज येतो, "आमचे सर उजवीकडे लिहायचे!" त्यांनी विनोद केला तर कुणी हसत नाही, रागावले तर सगळा वर्ग एकमेकांकडे पाहतो. मुले वाईट असतात असे नाही. त्यांनी कुणावर तरी जीव लावलेला असतो, आणि ती जागा इतक्या सहजी दुसऱ्याला देणे त्यांना जमत नाही, एवढेच.

असाच एक मोठा वर्ग अमेरिकेत जवळजवळ साठ वर्षे भरतो आहे. त्याचे नाव 'स्टार ट्रेक'चे चाहते. एका विज्ञानकथेवर या मंडळींनी जडवलेले प्रेम, तिच्या प्रत्येक नव्या वारसाकडे पाहून त्यांनी मुरडलेले नाक, आणि पुढे त्याच वारसाला त्यांनी घेतलेले कडेवर, हा सारा इतिहास मोठा मौजेचा आहे. आणि नुसता मौजेचाही नाही. गोष्ट कुणाची, सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची, हा जुना प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

८ सप्टेंबर १९६६ रोजी एन. बी. सी. या वाहिनीवर या मालिकेचा पहिला भाग दिसला. तिचा जनक जीन रॉडनबेरी. हा गृहस्थ महायुद्धात बाँबफेकी विमानाचा वैमानिक होता, पुढे लॉस एंजेलिसच्या पोलिसदलात होता, आणि तिथून लेखनाकडे वळला. त्याने तेविसाव्या शतकातले 'एंटरप्राइज' नावाचे अंतराळजहाज कल्पिले. कप्तान कर्क धाडसी. त्याचा सोबती स्पॉक टोकदार कानांचा, भावनेपेक्षा तर्काला मानणारा. आणि डॉक्टर मॅकॉय तोंडाने फटकळ पण मनाने मऊ. जहाजाच्या सुकाणूपाशी आशियाई वंशाचा तरुण, संदेशयंत्रापाशी कृष्णवर्णीय स्त्री, आणि दुसऱ्या वर्षापासून चक्क एक रशियन! अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट.

मालिका लोकांना आवडली. पण वाहिनीला हवे तितके लोक ती पाहीनात. दुसऱ्या वर्षीच ती बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हा ब्यो ट्रिंबल आणि तिचा नवरा जॉन या जोडप्याने पत्रांची मोहीम उभारली. पत्र कुणाला लिहावे, कसे लिहावे, याच्या सूचना गावोगाव धाडल्या. १९६७-६८ च्या हिवाळ्यात एक लाखाच्या वर पत्रे वाहिनीच्या दारात येऊन पडली. अखेर १ मार्च १९६८ च्या रात्री वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केले की मालिका चालू राहील. तिसरे वर्ष मिळाले. पण वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची. तरुण मंडळी त्या वेळी घरी कशाला बसतात! १९६९ च्या जूनमध्ये एकूण ७९ भागांवर मालिका संपली.

संपली, ती वाहिनीपुरती. स्थानिक केंद्रांवर तिचे भाग पुन्हापुन्हा लागू लागले आणि पहिल्या वेळी जे जमले नाही ते पुनःप्रक्षेपणाने साधले. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांचा मेळावा भरला. काहीशे माणसे येतील असा अंदाज होता. आली तीन हजारांवर. आपल्या शाळांतून हस्तलिखिते निघतात तशी चाहत्यांची घरगुती नियतकालिके निघत. त्यांतले 'स्पॉकॅनालिया' तर १९६७ मध्येच सुरू झाले होते. १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचे बारसे व्हायचे होते. चाहत्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे पत्रांचा असा पाऊस पाडला की त्या यानाला 'एंटरप्राइज' हेच नाव मिळाले. ते यान चाचणीपुरते होते, अवकाशात कधी गेले नाही. पण कल्पनेतल्या जहाजाचे नाव खऱ्या यानाला मिळाले, हे काय थोडे झाले! १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही ही जुनी मालिका लागत असे. टोकदार कानांचा तो माणूस आपल्याकडच्याही पुष्कळांना आठवत असेल.

आता वाचकांनीच विचार करावा. पत्रे लिहून ज्यांनी मालिका वाचवली, ती बंद पडल्यावर जिचा दिवा ज्यांनी घरोघर तेवत ठेवला, ती माणसे तिला परक्याची वस्तू कशी मानतील? कायद्याने ती कंपनीची, मनाने यांची. पुढल्या साऱ्या भांडणाचे मूळ इथे आहे.

पहिला वारस तर जन्मालाच आला नाही. १९७७ मध्ये 'फेज टू' नावाच्या नव्या मालिकेची तयारी चालली होती. स्पॉकचे काम करणारा लेनर्ड निमॉय तीत नव्हता. त्याच्या जागी दुसरे पात्र योजले होते. एका परग्रहवासिनीच्या भूमिकेसाठी आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा निवडली गेली. १९६५ ची ही 'मिस इंडिया'. मालिकेचा बेत रद्द होऊन त्याचा १९७९ मध्ये चित्रपट झाला, निमॉय परतला, आणि पर्सिसने त्या भूमिकेसाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवले. पुढे १९८२ च्या दुसऱ्या चित्रपटात स्पॉक मरणार अशी बातमी आधीच फुटली, तेव्हा चाहत्यांनी जो आकांत केला तो घरातले माणूस जावे तसा होता.

मग आला १९८६ चा ऑक्टोबर. पॅरामाउंट कंपनीने जाहीर केले की 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका येणार, 'द नेक्स्ट जनरेशन', म्हणजे पुढली पिढी. काळ पुढल्या शतकातला; जहाजाचे नाव तेच, पण माणसे सगळी नवी. कर्क नाही, स्पॉक नाही, मॅकॉय नाही. वर्गात कुजबुज सुरू झाली. स्पॉकशिवाय 'स्टार ट्रेक' म्हणजे विठोबाशिवाय पंढरपूर! जहाजावर म्हणे अधिकाऱ्यांची बायकामुले राहणार. हे अंतराळजहाज की सरकारी वसाहत? क्लिंगॉन म्हणजे कर्कचे हाडवैरी. त्यांच्यातला एक आता जहाजाच्या सुकाणूकक्षात उभा राहणार! आणि कप्तान? टक्कल पडलेला, सत्तेचाळीस वर्षांचा, शेक्सपिअरची नाटके करणारा इंग्रज नट पॅट्रिक स्ट्यूअर्ट. नाव फ्रेंच, उच्चार इंग्रजी, जहाज अमेरिकन.

खुद्द स्ट्यूअर्टलाही भरवसा नव्हता. हे फार दिवस चालणार नाही, थोडे पैसे गाठीला बांध आणि परत जा, असे त्याला जाणत्यांनी सांगितले होते. पहिले सहा आठवडे त्याने आपल्या बॅगा उघडून सामानसुद्धा लावले नाही, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. मोठ्या वाहिन्यांशी सौदा जमला नाही, तेव्हा कंपनीने ही मालिका थेट गावोगावच्या स्थानिक केंद्रांना विकली. सप्टेंबर १९८७ च्या अखेरीस ती सुरू झाली.

चाहत्यांची शंका खोटी होती, असे म्हणवत नाही. पहिले वर्ष खरोखरच अडखळतच गेले. पहिल्याच भागात नवा कप्तान पिकार्ड शत्रूला शरणागतीचा संदेश धाडतो. कर्कच्या भक्तांना हे पाहवेना. दुसऱ्या भागाची कथा सरळसरळ १९६६ च्या एका जुन्या भागावरून उचललेली. वेस्ली नावाचा एक हुशार पोर मोठ्या माणसांना न सुटणारी कोडी सोडवू लागला. प्रत्येक उत्तराला हात वर करणारे मूल वर्गात जितके प्रिय असते तितकाच तो प्रिय झाला! रॉडनबेरीचे मधले नाव वेस्ली, ही त्यातली आणखी एक गंमत. जुने जाणते लेखक भांडून निघून गेले. १९८८ मध्ये लेखकांचा संप झाला, दुसरे वर्ष २२ भागांवर आले, आणि त्याचा शेवटचा भाग तर जुन्या भागांचे तुकडे जोडून कसाबसा उभा केला.

तिसऱ्या वर्षी मायकेल पिलर हा लेखकांचा प्रमुख झाला. त्याने दोन गोष्टी केल्या. कथा परग्रहावरच्या चमत्काराची न राहता जहाजावरच्या माणसांची झाली पाहिजे, हे त्याने ठरवले. आणि दुसरे म्हणजे, बाहेरच्या कुणाही माणसाने पाठवलेली संहिता वाचायची, असे दार उघडे ठेवले. त्या दारातून आत आलेल्यांत रोनाल्ड मूर हा तरुण होता. जुनी मालिका पाहत वाढलेला हा चाहता चित्रीकरणाची जागा पाहायला आला होता, तो येताना आपली संहिताच घेऊन आला! पिलरला ती गठ्ठ्यात सापडली आणि १९८९ मध्ये तिचा भाग झाला. कथा कशाची? जहाजावर राहणाऱ्या एका लहान मुलाची, जिची आई कामगिरीवर मरते. बायकामुले जहाजावर कशाला, म्हणून जी कल्पना हसण्यावारी नेली होती, तिच्याच पोटातून एका चाहत्याने गोष्ट काढली. जो वर्ग मागच्या बाकावरून कुरकुरत होता, त्यातलाच एकजण खडू घेऊन फळ्यापाशी आला म्हणायचे.

१८ जून १९९० च्या भागात बोर्ग नावाच्या निर्दय यंत्रमानवांनी पिकार्डला पकडून आपल्यासारखे केले, आपला मुखत्यार बनवला, आणि त्याच्याच साहाय्यकाला त्याच्यावर तोफा डागण्याचा हुकूम देण्याची पाळी आली. तिथेच भाग संपला. पुढे काय, ते सप्टेंबरात! सारा उन्हाळा चाहते तळमळत राहिले. तीन वर्षांपूर्वी जो उपरा होता, तो जगावा म्हणून आता लोक देव पाण्यात घालून बसले होते. कप्तान सुटला, पण त्यानंतरचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. मूरनेच लिहिलेल्या त्या कथेत पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी, द्राक्षांच्या मळ्यात राहणाऱ्या भावाकडे जातो. दोघे चिखलात लोळत मारामारी करतात, आणि तो थंड वाटणारा, टक्कल पडलेला माणूस त्या चिखलात ढसाढसा रडतो. तोफेचा एक गोळा त्यात नाही.

ही मालिका सात वर्षे, १७८ भाग चालून १९९४ मध्ये संपली. जुनीच्या दुपटीहून अधिक. मग चाहते शहाणे झाले का? छे! १९९३ मध्ये 'डीप स्पेस नाइन' आली, तेव्हा हेच लोक म्हणाले, जहाजच नाही. एका जागी उभ्या असलेल्या ठाण्यावर 'ट्रेक' कसली? आणि तुलनेला आता कर्क नव्हता, पिकार्ड होता! १९९५ मध्ये 'व्हॉयेजर'वर स्त्री कप्तान झाली, तेव्हा पुन्हा तेच. त्या ठाण्याच्या मालिकेवर पुढे माहितीपट निघाला, त्याला पैसे चाहत्यांनीच वर्गणी काढून दिले. खुद्द मूरलाही हा प्रसाद मिळाला. १९९४ च्या ज्या चित्रपटात कर्क मरतो, त्याच्या दोन लेखकांत तो एक होता. चाहत्यांनी आपल्यातल्याच या चाहत्याला पोटभर बोल लावले.

सगळेच वारस तरले असेही नाही. २००१ मध्ये आलेल्या 'एंटरप्राइज' मालिकेचे शीर्षकगीत बदला म्हणून अर्ज झाले. चार वर्षांत ती बंद पडली. २००५ मधल्या तिच्या अखेरच्या भागात 'नेक्स्ट जनरेशन'मधली पात्रे आणून बसवली, तेव्हा चाहते चिडले ते वेगळ्याच कारणाने. या मुलांचा निरोपसमारंभ आहे, यात थोरल्यांनी मिरवू नये, असे त्यांचे म्हणणे. चार वर्षे ज्यांना नावे ठेवली, त्यांचीच बाजू घेऊन ते भांडले. आणि माझ्या मते त्यांचे बरोबर होते.

या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी एक गोष्ट आहे, तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. कर्क हाही पहिला कप्तान नव्हताच. १९६५ मध्ये वाहिनीला दाखवलेल्या नमुन्यात पाइक नावाचा कप्तान होता. वाहिनीला तो नमुना पसंत पडला नाही. दुसरा करायला सांगितले, आणि त्यात विल्यम शॅटनरचा कर्क आला. म्हणजे ज्याच्या मापाने पुढले सारे मोजले, तो स्वतःच बदली मास्तर! फरक इतकाच की पाइकला तोवर कुणी पाहिलेले नव्हते, म्हणून कर्कवर कुणी कुरकुर केली नाही. आणि गंमत पाहा, २०२२ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' ही मालिका निघाली, तिचा नायक तोच नाकारलेला पाइक.

चाहत्यांनी शंका घ्यावी. ती न घेणाऱ्याचे त्या गोष्टीवर प्रेम आहे की नाही, याचीच मला शंका येईल. फक्त हजेरीच्या पहिल्या दिवशीच निकाल लावू नये. पिकार्डला तीन वर्षे मिळाली म्हणून तो पिकार्ड झाला.

१९८७ च्या त्या पहिल्या भागातले एक दृश्य आठवते. सगळे नवे चेहरे, आणि मधेच एक अति म्हातारा माणूस जहाजाच्या वाटेने हळूहळू चाललेला. तो डॉक्टर मॅकॉय, डिफॉरेस्ट केली याने रंगवलेला, वय वर्षे १३७. बरोबर डेटा नावाचा यंत्रमानव. म्हातारा पूर्वीसारखाच कुरकुरतो, तू त्या टोकदार कानवाल्यासारखाच बोलतोस म्हणून त्याला टोचतो, आणि जहाजाला नीट वागवा, असे सांगून पुढे चालू लागतो. एवढेच दृश्य आहे. पाहणाऱ्यांतले कितीतरी जण त्या वेळी नव्यांवर नाराज होते. पण घरातल्या सर्वांत फटकळ माणसाने जाता जाता नव्याच्या हाती किल्ली दिली, हे त्यांनी पाहिले. समजायला मात्र तीन वर्षे लागली.