सुवर्णदुर्ग, १७५५ : तारखांमधला पावसाळा

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून सुवर्णदुर्ग अगदी हाताशी आल्यासारखा दिसतो. मे महिन्याच्या शेवटी हर्णैहून निघालो तेव्हा हवा ठीक होती. किल्ला किनाऱ्यापासून किलोमीटरभरही नाही, पण अर्ध्या वाटेत वारा वाढला. होडीवाले काका ढगांकडे बघतच नव्हते, ते बेटाच्या खडकावर फुटणारी लाट बघत होते. "जवळ नेतो ताई, पण उतरणार कशा?" दोनदा प्रयत्न केला, होडी स्थिर राहीना. पायरीवरचं कासव न बघताच परत आलो.

खोलीवर येऊन १७५५ च्या मोहिमेच्या टिपणांत फक्त तारखा पुन्हा वाचल्या. मार्चमध्ये पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांचा तुळाजी आंग्रेविरुद्ध करार झाला. २२ मार्चला कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला, २ एप्रिलला सुवर्णदुर्गावर मारा सुरू झाला आणि ८ एप्रिलला बाणकोटही पडला. इतकी घाई का? तहाची कलमं वाचून हे कळत नाही, पंचांग बघून कळतं. समुद्र बंद व्हायला दोनेक महिनेच उरले होते.

कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो की जेम्सने आधी पश्चिमेकडून तोफा डागल्या. तिकडचा तट खडकातच कोरलेला, त्यामुळे काही होईना. मग त्याने जहाज बेट आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात आणलं. म्हणजे आमची होडी जिथे स्थिर राहीना, साधारण तिथेच ४४ तोफांचं 'प्रोटेक्टर' उभं होतं! हे एप्रिलच्या सुरुवातीला जमलं. जूनमध्ये असा विचारही कुणी केला नसता. (हा माझा तर्क आहे, ऑर्मचा नाही. टिपणं काढताना हे दोन वेगळ्या शाईने लिहायची सवय लावून घ्या.)

जेम्सला पुढे जायचं होतं, पण पावसाळा जवळ आल्यामुळे मुंबईच्या कौन्सिलने त्याला परत बोलावलं. तुळाजीचा विजयदुर्ग पडला थेट १३ फेब्रुवारी १७५६ ला. मधे दहा महिने! माझं शिक्षण विज्ञानाचं, त्यामुळे आलेखात जिथे बिंदूच नाहीत तिथे नजर आधी जाते. पहिल्या मसुद्यात मी ही सगळी पोकळी पावसाच्या नावावर टाकली होती. गाईडनी एकच प्रश्न विचारला : "पाऊस फेब्रुवारीपर्यंत असतो का?" नसतो. पावसाने फार तर सप्टेंबरपर्यंतचा हिशेब लागतो. त्यानंतरचं कारण वेगळं. क्लाइव्ह आणि वॉटसनचं आरमार मुंबईला पोचेतो ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडला, आणि डिसेंबरमध्ये जेम्स विजयदुर्गाची टेहळणी करून आला.

तारखांची अजून एक गंमत. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये नवं कॅलेंडर घेतलं. १७५५ च्या तारखा त्यामुळे जशाच्या तशा चालतात. पण तुमचा विषय कान्होजींच्या काळातला असेल, तर इंग्रजी कागदांतली तारीख अकरा दिवस मागे असते. ऋतूबद्दल बोलताना अकरा दिवस म्हणजे पुष्कळ झाले.

आता मला २ एप्रिलचा वारा हवाय. त्या काळच्या जहाजांच्या रोजनाम्यांत वाऱ्याची दिशा नियमाने लिहीत, आणि जुन्या हवामानाचा अभ्यास करणारे आज त्याच नोंदी वापरतात. 'प्रोटेक्टर'चा रोजनामा मिळतो का, ते शोधते आहे.

कासव बघायला काकांनी नारळी पुनवेनंतर बोलावलंय.