रस्त्याचा पैसा

रस्ता कोणी बांधावा आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हा जुनाच प्रश्न मोटारीने बिकट केला. १९१९ च्या सुधारणांनी रस्ते प्रांतांकडे सोपविले होते आणि पुष्कळसा भार जिल्हा-लोकलबोर्डांवर पडला होता. मोटार मात्र जिल्ह्याची शीव जाणत नव्हती.

१९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. हे काम प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेरचे असल्याने ते राष्ट्रीय हिताचे मानावे आणि पेट्रोलवरील जादा कर त्यासाठी राखून ठेवावा, असे तिने १९२८ मध्ये सुचविले. त्यानुसार १९२९ साली गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि मध्यवर्ती रस्ता-निधी उभा राहिला. जो रस्ता झिजवितो त्यानेच तो दुरुस्त करावा, हे त्यामागील सूत्र होते.

२००० साली या निधीसाठी स्वतंत्र कायदा झाला. २०१८ मध्ये इतर पायाभूत सोयींनाही त्यात वाटा मिळाला. वाटेकरी वाढले, तरी मूळ प्रश्न तोच उरतो. रस्त्याच्या नावाने घेतलेला पैसा रस्त्यापर्यंत पोहोचतो, या विश्वासावरच असा कर लोक आनंदाने भरतात.