दगडफुलाला म्हातारं झाड लागतं

आज घरातला मसाल्याचा डबा उघडून बघा. त्यात राखाडी, सुरकुतलेली, कागदासारखी एक गोष्ट सापडेल: दगडफूल. आपल्या सावजी रश्श्याचा तो खास वास येतो ना, त्यात याचाही वाटा असतो. पण हे फूल नाहीच. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार आहे. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी त्याला घर आणि ओलावा देते. इंग्रजीत यालाच लायकेन म्हणतात. याला मुळं नसतात. जे मिळेल ते हवेतून आणि पावसातून घ्यायचं, मग हवा विषारी असली तरी.

१८६६ साली विल्यम नायलँडर या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या लुक्झेंबर्ग बागेतल्या लायकेनवरून तिथली हवा चांगली असल्याचं ताडलं. तीसेक वर्षांनी त्याच बागेतून ती गायब झाली होती.

मधल्या या काळात आमच्या वरोऱ्यात कोळशाची खाण सुरू झाली, वर्ध्याहून रेल्वे आली. खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण कोळसा जिल्हा सोडून गेला नाही. १९८० च्या दशकात चंद्रपूरला औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. कोळसा जळला की सल्फर डायऑक्साइड निघतो, आणि तो शैवालाचं हरितद्रव्यच मारतो.

दुसरा धोका कुऱ्हाडीचा. दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. ठरावीक वर्षांनी तोडायच्या सागाच्या लागवडीत झाडाची साल म्हातारी व्हायला वेळच मिळत नाही. शेवाळाचीही तीच गत: त्याला सावली आणि पडून कुजणारे ओंडके हवेत.

म्हणून मला गडचिरोलीतलं आलापल्लीचं ‘वनवैभव’ फार मोलाचं वाटतं. जागा फक्त ६ हेक्टर. १९५३ पासून ती नैसर्गिक जंगल म्हणून राखली गेली आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरली. आजूबाजूचा साग इमारतींसाठी जात राहिला, पण इथली झाडं आपल्या मरणाने मरतात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत लायकेनचे वाळवलेले नमुने नीट जपलेत. पण जिवंत दगडफूल कपाटात ठेवता येत नाही. ते टिकवायचं तर त्याच्याखालचं म्हातारं झाड उभं राहू द्यायला हवं. तेव्हा आलापल्लीला गेलात तर फोटो खुशाल काढा, साल मात्र खरवडू नका.