ओल्या काचेचे ओझे

जवळा बाजारप्रमाणेच अजिंठाही तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १८६० च्या सुमारास तेथे छायाचित्रे घेणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलपुढचा प्रश्न आजचाच होता : बरोबर काय न्यायचे? कलोडियन लावलेली काच ओली असतानाच चित्र टिपून धुवावे लागे. म्हणजे अंधारा तंबू, रसायने, पाणी, सारे जागेवरच हवे. शिवाय जेवढी काच, तेवढेच चित्र. गिलने पत्करला छोट्या काचांचा, दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे टिपणारा स्टिरिओ कॅमेरा. आकार गेला, पण दर्शकयंत्रातून लेणे आत खोलवर गेलेले दिसे. फर्ग्युसनच्या १८६४ च्या ग्रंथात त्याची ७४ छायाचित्रे आली. वर्षानुवर्षे खपून रंगवलेल्या त्याच्या बहुतेक प्रतिकृती मात्र १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या.