पुष्पकच्या इंजिनातला १-३-२-४

१९५१ साली पहिले उड्डाण केलेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाच्या इंजिनात चार सिलिंडर एका ओळीत, उलटे टांगलेले होते. १९५८च्या पुष्पकमध्येही चारच, पण आडवे: दोन डावीकडे, दोन उजवीकडे. दोन्ही विमाने बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची. ती कोल्हापूरकडच्या, जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली साकारली. फ्लाइंग क्लबांसाठी केलेल्या पुष्पकला कॉन्टिनेंटल कंपनीचे ९० अश्वशक्तीचे सी-९० इंजिन बसवले होते. याच कंपनीच्या १९३१च्या ए-४०ने हलक्या विमानांत ही आडवी मांडणी रुळवली होती.

ओळीतल्या चार सिलिंडरांत दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, तरी हिशेब पुरता जुळत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने पिस्टन वरच्या टोकाजवळ अधिक वेगाने दिशा पालटतो आणि दर फेऱ्यात दोनदा धक्का उरतो. आडव्या इंजिनात समोरासमोरचे पिस्टन एकदमच बाहेर जातात, एकदमच आत येतात. त्यामुळे हाही धक्का जागीच जिरतो. मात्र प्रत्येक पिस्टनला स्वतंत्र क्रँकपिन असल्याने समोरासमोरचे सिलिंडर थोडे पुढेमागे बसतात. त्यातून पीळ निर्माण होतो. पुढची आणि मागची जोडी अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने चालत असल्यामुळे मोठा पीळ मिटतो; फेऱ्यात दोनदा येणारा बारीक पीळ राहतो, तो रबरी माउंटवर सोसला जातो.

हे संतुलन क्रँकशाफ्टच्या घडणीतले. ठिणगीच्या क्रमाशी त्याची गल्लत नेहमी होते. जोडीतले दोन्ही पिस्टन एकाच वेळी टोकाला पोचतात, पण तेव्हा एकात मिश्रण दाबलेले असते, तर दुसऱ्यातून धूर बाहेर जात असतो. म्हणून त्यांच्या ठिणग्यांत पूर्ण फेऱ्याचे अंतर पडते आणि मधल्या जागी दुसऱ्या जोडीतला सिलिंडर पेटतो. दर अर्ध्या फेऱ्याला एक ठिणगी. मिनिटाला २,४७५ फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ८२.

सी-९०चा क्रम १-३-२-४, म्हणजे आधी उजवीकडचे दोन, मग डावीकडचे दोन. सेस्ना १५२मधल्या लायकमिंग इंजिनाचाही क्रम हाच. फसगत होते ती आकड्यांत: लायकमिंगची मोजणी पंख्याकडून, कॉन्टिनेंटलची मागून. ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंच्या आठ वायरी जोडताना मेकॅनिकला हे पक्के ठाऊक असावे लागते.

घाटग्यांच्या पुढच्या कृषक विमानाला कॉन्टिनेंटलचेच सहा सिलिंडरांचे आडवे इंजिन होते. तीन जोड्या एकमेकींपासून १२० अंशांवर आल्या की तो उरलेला बारीक पीळही नाहीसा होतो.