करंडक कोण आणतं? निंबाळकरांचे ४४३ आणि सुधीर नाईकांचा बिनतारकांचा संघ

परवा बदनापुरात टेनिस बॉल टूर्नामेंटची सेमी फायनल होती. बातमीसाठी गेलो होतो. मॅच संपल्यावर जिंकलेल्या टीमच्या पोरांमध्ये वाद सुरू झाला. फायनलसाठी बाहेरून एक हिटर आणायचा, त्याचं मानधन, गाडीभाडं, जेवण सगळं वर्गणीतून. आणि त्याला घ्यायचं तर कुणाला तरी बसवावं लागणार. बसवायचं ठरलं ते नेमकं त्या पोराला, ज्यानं शेवटच्या ओव्हरला यॉर्कर टाकून मॅच काढली होती. का? तर त्याला बॅटिंग येत नाही.

कॅप्टन मला म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा. मोठा प्लेयर असल्याशिवाय फायनल निघत असती का?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलून गाडीला किक मारली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. वीस वर्षं खेळाच्या बातम्या लिहितोय, हा प्रश्न कधी नीट तपासलाच नव्हता. रात्री जुनी कात्रणं आणि आकडे काढून बसलो. पोस्ट लांब आहे. ज्यांना क्रिकेटमध्ये रस नाही त्यांनी माफ करावं, पण शेवटी मुद्दा आपल्या तालुक्यापर्यंत येतो.

सुरुवात पुण्यापासून करतो, कारण आपला मराठवाडा क्रिकेटमध्ये पुण्याच्या महाराष्ट्र संघाकडे येतो. (आपला भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हा हैदराबादनं १९३७-३८ ची रणजी जिंकली होती. ती आपली मानायची की नाही, तुम्ही ठरवा.)

डिसेंबर १९४८. पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. डॉन ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम नाबाद ४५२ चा, म्हणजे फक्त नऊ धावा कमी. विश्रांतीच्या वेळात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला आणि सामना सोडून दिला. महाराष्ट्राच्या झाल्या होत्या ४ बाद ८२६. रणजीतला आजही तो सर्वोच्च वैयक्तिक डाव आहे. एवढा माणूस भारताकडून एकही कसोटी खेळला नाही, पण ते दुखणं वेगळं.

ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्याच मोसमात पुढे काय झालं, ते मात्र फार कुणी सांगत नाही. मार्च १९४९ मध्ये पुण्यातच सेमी फायनल झाली, समोर मुंबई. मुंबईनं पहिल्या डावात ६५१ केल्या आणि दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ वर डाव घोषित केला. महाराष्ट्रानं ४०७ आणि ६०४ केल्या. दोन्ही डाव मिळून १०११ धावा काढून महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला! एका सामन्यात २३७६ धावा झाल्या. तिथून मुंबईनं फायनल मारली आणि करंडक नेला.

माझ्या मते सगळं गणित इथेच आहे. चार-पाच दिवसांचा सामना निर्णायक जिंकायचा तर समोरच्याचे वीस गडी बाद करावे लागतात. फलंदाज कितीही मोठा असो, त्याच्या बॅटनं समोरचा एकही गडी पडत नाही. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी बघतात, आणि आघाडी टिकवायलाही समोरच्याला आधी गुंडाळावं लागतं. ज्या संघाला दोनदा मिळून १३६५ धावा पडल्या, तिथे एकट्या निंबाळकरांनी काय करायचं?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. महाराष्ट्रानं रणजी दोनदाच जिंकली, १९३९-४० आणि १९४०-४१ ला, आणि त्या दोन्ही वेळी संघात विजय हजारे होते. सांगलीचा माणूस. १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ केल्या. पुढे हजारे बडोद्याला गेले, बडोद्यानं १९४२-४३ आणि १९४६-४७ ला करंडक घेतला, आणि महाराष्ट्राला आजवर पुन्हा मिळाला नाही. कुणी म्हणेल, मिटला विषय, तारा गेला आणि करंडकही त्याच्या मागे गेला.

पण त्या संघाचे कर्णधार बघा. प्रा. दि. ब. देवधर, पुण्यात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक. वय पन्नाशीला टेकलेलं, तरी १९४० मध्ये मुंबईविरुद्ध २४६ केल्या. मुंबईच्या ६५० झाल्या होत्या, महाराष्ट्रानं ६७५ केल्या, आणि पुढची फेरी मिळाली ती त्या पंचवीस धावांच्या आघाडीवर. हजारे स्वतः मध्यमगती गोलंदाजीही टाकायचे. रंगा सोहोनी होते, तेही दोन्ही कामं करणारे. म्हणजे हजारे एकटे नव्हते आणि नुसते फलंदाजही नव्हते. मोठा खेळाडू नको असं कोण म्हणतंय? त्याच्या आजूबाजूला कोण उभं आहे, हे आधी बघावं, एवढंच.

आता माझा सगळ्यात आवडता पुरावा.

१९७१ चा वेस्ट इंडीज दौरा सगळ्यांना ठाऊक आहे. गावस्करच्या पहिल्याच मालिकेत ७७४ धावा, सरदेसाईंच्या ६४२, वाडेकर कर्णधार. पण हे सगळे मुंबईचे! गावस्कर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मांकड, सगळे तिकडे. इकडे रणजीच्या फायनलला मुंबईकडे उरलं कोण? कर्णधार म्हणून सुधीर नाईक, आणि बाकी बरीचशी अशी नावं जी पेपरात खालच्या ओळीत यायची. समोर कोण? आपला महाराष्ट्र. चंदू बोर्डे तेव्हा महाराष्ट्राचे.

जिंकली मुंबई.

१९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईनं सलग पंधरा वेळा रणजी जिंकली, त्यातलं हे एक वर्ष. तारे नसताना तेरावा-चौदावा माणूस उभा राहिला आणि त्यानं फायनल काढली. तो माणूस आला कुठून? मैदानांतून. ऑफिसांच्या टीम होत्या, क्लब होते, १९४८ पासून भर पावसात चालणारी कांगा लीग होती. ओल्या, उघड्या खेळपट्टीवर शनिवार-रविवार खेळून जो टिकला, तो तिसऱ्या फळीतला असला तरी दुसऱ्या राज्यात पहिल्या फळीत बसला असता.

सुधीर नाईकांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. तारे परत आल्यावर पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला, करंडक आणणाऱ्या या कर्णधाराला अकरा जणांत जागा मिळाली नाही.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत डॅलसला असतो, त्याला ही गोष्ट फोनवर सांगितली तर तो हसायला लागला. म्हणाला, इथे रोज हाच वाद असतो. त्यांच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते, जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. तो भारी असल्याशिवाय सुपर बोल मिळत नाही, असा समज. टॉम ब्रेडीनं सात जिंकले, म्हणजे समज अगदीच खोटा नाही. पण डॅन मरिनोसारखा दिग्गज सतरा मोसम खेळला आणि एकही जिंकला नाही. आणि जानेवारी २००१ मध्ये बाल्टिमोरनं ट्रेंट डिल्फर नावाच्या साधारण क्वार्टरबॅकला घेऊन, आपल्या बचावफळीच्या जोरावर, सुपर बोल मारला. मग त्यांनी डिल्फरला पुढच्या मोसमासाठी ठेवलंच नाही. सुधीर नाईकच की हो!

असो, परत आपल्याकडे.

२०१३-१४ चा मोसम. केदार जाधवच्या १२२३ धावा, देशात सगळ्यात जास्त. वानखेडेवर मुंबईला क्वार्टर फायनलमध्ये हरवलं, तेव्हा दुसऱ्या टोकाला आपल्या जालन्याचा विजय झोल होता. त्या दिवशी जालन्यात किती फोन फिरले ते मला आठवतंय. पण हैदराबादच्या फायनलमध्ये कर्नाटकनं सात गडी राखून हरवलं. २०२२ ला वन-डेच्या विजय हजारे करंडकात ऋतुराज गायकवाडनं एका ओव्हरला सात सिक्स मारले (एक नो बॉल होता), त्या मॅचला नाबाद २२०, सेमीला १६८, फायनलला १०८. यापेक्षा एका माणसानं जास्त काय करायचं? फायनल सौराष्ट्रानं नेली.

मुंबईलाही हे चुकलेलं नाही. २०२१-२२ मध्ये सरफराज खाननं ९८२ धावा केल्या, फायनल मध्य प्रदेशनं जिंकली. त्यांचे कोच होते चंद्रकांत पंडित. पंडितांनी त्याआधी २०१७-१८ ला विदर्भालाही पहिली रणजी मिळवून दिली होती, तेव्हा विदर्भाचा सगळ्यात मोठा बॉलर उमेश यादव फायनलच्या वेळी भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला होता. इंदूरला समोर दिल्ली, त्यांच्याकडे गंभीर, ऋषभ पंत. विदर्भाकडून रजनीश गुरबानी नावाच्या इंजिनिअर पोरानं हॅटट्रिक घेतली आणि विकेटकीपर अक्षय वाडकरनं १३३ केल्या. पुढच्या वर्षी पुन्हा विदर्भ. फेब्रुवारी २०२५ ला नागपूरच्या सेमीत मुंबईच्या रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबेला एकाच ओव्हरला बाद केलं पार्थ रेखडेनं. नाव ऐकलं होतं का? मीही नव्हतं ऐकलं. त्या मोसमात विदर्भाचा तिसरा करंडक आला, आणि त्यांच्या हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले, एका रणजी मोसमातला तो विक्रम.

मुंबईनं मधल्या वर्षी, २०२३-२४ ला, बेचाळिसावा करंडक घेतला, त्यातही माझ्या लक्षात राहिलं ते हेच: क्वार्टर फायनलला त्यांच्या दहाव्या आणि अकराव्या नंबरच्या फलंदाजांनी, तनुष कोटियन आणि तुषार देशपांडेनं, शतकं ठोकली.

विदर्भ आणि आपण, दोघंही मुंबईच्या सावलीत वाढलो. त्यांनी नागपुरात अकादमी काढून पोरं वर्षानुवर्षं एकत्र खेळवली, बॉलर घडवले. आपण केदारचे, ऋतुराजचे रन मोजत बसलो. बदनापूरचा पोरगा ट्रायलला पुण्याला जातो तेव्हा जायलाच पावणेतीनशे किलोमीटर होतात, बॅग घेऊन रात्रीची एसटी. तो परत आला की इथे त्याला टाकायला टर्फ विकेट नाही, नेट नाही. मग तो टेनिस बॉलवर यॉर्कर टाकतो आणि फायनलला त्यालाच बसवतात.

सरकारचंही तेच. जुलै २०२४ मध्ये विश्वचषक जिंकलेल्या संघासाठी विधानभवनात ११ कोटींचं बक्षीस जाहीर झालं. खेळाडूंनी ते कमावलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पैशात किती तालुक्यांत नेट उभी राहतील, हा हिशोब कुणी त्या दिवशी विचारला नाही. मीही नाही. मी रोहितचा फोटो लावून बातमी केली.

आणि आता कबूल करतो, माझाही हात यात आहे. परवाच्या सेमी फायनलची माझी बातमी काढून वाचली. हेडिंगला फिफ्टी मारणाऱ्याचं नाव, फोटोही त्याचाच. शेवटच्या ओव्हरवाल्या पोराचा उल्लेख "गोलंदाजांनीही साथ दिली" एवढाच. त्याचं नाव माझ्या वहीत लिहिलेलं होतं, मी छापलं नाही.

आज सकाळी त्या कॅप्टनला फोन केला. १९७१ ची गोष्ट सांगितली. तो ऐकून म्हणाला, "सर, हे सगळं बरोबर, पण हिटरला ॲडव्हान्स देऊन बसलो ना आम्ही." मी म्हटलं मग हिटरला खेळव, पण यॉर्करवाल्याला बसवू नको, दुसरं कुणी तरी बसव. तो म्हणाला, बघतो.

फायनल रविवारी सकाळी नऊला आहे. मी जाणार आहे, वही घेऊन.