तीन वर्षांची शिष्यवृत्ती: चंद्रशेखर, केंब्रिज आणि ऑक्टोबर १९३३

१/ ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून ‘पिल्स्ना’ ही आगबोट व्हेनिसकडे निघाली. तिच्यावर एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. केंब्रिजमधील संशोधनाचा खर्च भारत सरकारच्या शिष्यवृत्तीतून होणार होता. मुदत तीन वर्षे. या कथेत ताऱ्यांइतकेच महत्त्व त्या मुदतीला आहे.

२/ वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी. मुलाने आयसीएस व्हावे, ही त्यांची इच्छा. आई सीतालक्ष्मी मात्र मुलाच्या विज्ञानप्रेमाच्या बाजूने उभ्या राहिल्या. इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’ तमिळमध्ये आणणारी ही विदुषी होती.

३/ मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच चंद्रशेखरांचा शोधनिबंध केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांच्यामार्फत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १९२९ मध्ये छापून आला. विद्यार्थीदशेतील ही कामगिरी पाहून १९३० मध्ये त्यांना ही खास शिष्यवृत्ती मिळाली.

४/ त्याच सुमारास आई अंथरुणाला खिळली होती. अशा वेळी मुलाने परदेशी जाऊ नये, असे आप्तांना वाटत होते. आईने मात्र जाण्याचाच आग्रह धरला. मे १९३१ मध्ये तिचे निधन झाले, तेव्हा मुलगा केंब्रिजमध्ये होता. तो मायदेशी परतला थेट १९३६ साली.

५/ बोटीवरील जवळपास तीन आठवड्यांच्या प्रवासात चंद्रशेखरांनी फाउलर यांच्या श्वेतबटूंच्या सिद्धान्तात सापेक्षतावादाची जोड दिली. निष्कर्ष धक्कादायक निघाला: श्वेतबटूच्या वस्तुमानाला वरची मर्यादा आहे. १९३१ मधील निबंधात ती सूर्याच्या वस्तुमानाच्या ०.९१ पट होती. आज ती सुमारे १.४ पट मानली जाते. मर्यादेपलीकडच्या ताऱ्याचे काय होणार, हा प्रश्न तेथूनच उभा राहिला.

६/ केंब्रिजमधील दिवस सुखाचे नव्हते. या निष्कर्षाला तेथे उत्साही प्रतिसाद मिळाला नाही. शिवाय एकटेपणा होता आणि आपल्या कुवतीविषयी शंका होती. शिष्यवृत्तीचे अखेरचे वर्ष त्यांनी डिरॅक यांच्या सल्ल्याने कोपनहेगनला, नील्स बोर यांच्या संस्थेत काढले. तेथे सांख्यिकीवरील एका निबंधात त्रुटी आढळली, तेव्हा ते पुन्हा ताऱ्यांकडे वळले. स्वतःभोवती फिरणाऱ्या वायुगोलांच्या संरचनेवरील काम प्रबंधरूपाने सादर करून १९३३ च्या उन्हाळ्यात त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

७/ पदवी हाती आली आणि शिष्यवृत्ती संपत आली. आता भारतात परतणे किंवा युरोपात राहण्यासाठी दुसरा आधार शोधणे, एवढेच पर्याय उरले. आधार एकच दिसत होता: ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप. स्पर्धा सर्व विषयांतील तरुणांशी होती. १९१८ मध्ये रामानुजन निवडले गेले, त्यानंतर एकाही भारतीयाला ती मिळाली नव्हती.

८/ आपली निवड होणार नाही, असेच चंद्रशेखरांनी गृहीत धरले होते. ई. ए. मिल्न यांच्याकडे काही काळ काम करण्यासाठी ऑक्सफर्डला जाण्याची तयारीही झाली होती. सामान घेऊन निघताना ते वाटेत ट्रिनिटीची यादी पाहायला थांबले. यादीत त्यांचे नाव होते. ऑक्टोबर १९३३ पासून चार वर्षांच्या उपजीविकेची सोय झाली.

९/ या चार वर्षांतच खरी परीक्षा झाली. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत आर्थर एडिंग्टन यांनी त्यांच्या मर्यादेची जाहीर खिल्ली उडवली. एडिंग्टन हे त्या काळचे सर्वांत वजनदार खगोलशास्त्रज्ञ, आणि तेही ट्रिनिटीचेच. एरवी चोवीस वर्षांच्या संशोधकाचे पोट अशा वेळी वरिष्ठांच्या मर्जीवर असते. चंद्रशेखरांची फेलोशिप मात्र मुदतीची होती. वाद हरल्यासारखा दिसला तरी काम थांबले नाही.

१०/ १९३७ च्या आरंभी ते शिकागो विद्यापीठाच्या यर्कीस वेधशाळेत रुजू झाले आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईहून निघालेल्या त्या बोटीवरील गणिताला तेव्हा ५३ वर्षे झाली होती.